नखाएवढी फट

रात्रीचे सव्वादोन. ट्रॉन्हेममध्ये बर्फ आडवा पडतोय.
सुन्निवाच्या पडद्यावर तीच ओळ, अकराव्यांदा:
उत्तर सापडले नाही.

गणित तर एवढंसं.
धरण काठोकाठ भरायला उरलेली जागा,
आणि सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी.
दोन्ही शून्याखाली जात नाहीत,
दोघांचा गुणाकार शून्य.
जागा आहे तोवर सांडायचं नाही,
सांडतंय म्हणजे जागा संपली.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत,
हे तिने बरोबरच्या चिन्हासकट जसंच्या तसं लिहिलं
आणि सॉल्व्हर बिचारा
दोन भिंतींच्या कोपऱ्यात डोकं आपटत बसला.

वरच्या धरणावर आयलिफ रात्रपाळीला. तिने फोन लावला.
"सांडव्यातून जास्तीत जास्त किती जाईल?"
"सेकंदाला चारशे ऐंशी घनमीटर.
त्याहून जास्त आलं तर मी फोन उचलणार नाही."

तिने जुना दहा आकडी आकडा खोडला,
कुणीतरी 'असू दे मोठा' म्हणून ठोकलेला.
चारशे ऐंशी लिहिलं.
पाणी लिटरांत होतं, पैसा कोटी क्रोनरमध्ये,
हत्ती आणि मुंगी एकाच तराजूत;
दोघांना एका मापात आणलं.
सुरुवात शून्य-शून्यापासून होती, तीही हलवली:
त्या ठिकाणी उतारच नाही,
कुठे वळायचं हे पायांना कळणार कसं?

"आणि गोठलेली झडप कशी बंद करतोस?"
"एकदम नाही. एकदम दाबली की अडकते.
आधी बोटभर फट. मग अर्धं बोट.
मग नखाएवढी. मग ती आपणच बसते."

ती थोडा वेळ गप्प.
मग बरोबरचं चिन्ह पुसून
'याहून जास्त नको' असं लिहिलं,
उजवीकडे शून्याऐवजी एक लहानशी संख्या,
दर फेरीला दहा पटींनी आणखी लहान.

चार वाजून सात मिनिटांनी उत्तर आलं.
सगळे तास नीट, एक सदतिसावा सोडून:
जागा शून्य. सांडणंही शून्य.
दोन्ही तलवारी बाहेर, म्यान रिकामं.

"आयलिफ, असं खरंच होतं का रे?
धरण काठोकाठ, आणि थेंबही बाहेर नाही?"

"एकदा पाहिलंय. मे महिन्यात, वारा पडलेला.
पाणी नुसतं काठाला टेकलं होतं.
मी हात खिशातून काढला नाही."

"किती वेळ?"

"मोजायचं राहिलं."