ठिपके

सहकारनगर, तिसरा मजला.
अकरा महिन्यांचा करार, त्यातला आठवा चालू.
गुरुवारी आख्ख्या पुण्याचं पाणी बंद असतं
तेव्हाही माझी उत्तरेची भिंत ठिबकते.

निजसुरे काकांना चार वेळा सांगितलं.
वरच्या टाकीचा पाइप, म्हणाले.
प्लंबर गावाला गेलाय, म्हणाले.
पाचव्यांदा म्हणाले, "तुम्हाला तर दिसत नाही,
मग ओल कळते कशी?"
वासाने, म्हटलं. तळहाताने.
आणि कपाटाचं दार फुगलंय,
ते हल्ली करकरत नाही, कण्हतं.

कपाटात अठरा वह्या होत्या.
बाबा कचेरीतून आले की चहा ठेवायचे
आणि पाटीत जाड कागद अडकवून
टोचत बसायचे, उजवीकडून डावीकडे, उलटं,
म्हणजे पान फिरवल्यावर मला सुलट लागावं.
बाराखडी. महाराष्ट्राचा भूगोल.
शेजारच्या भोंडवेबाईंची भरताची कृती,
त्यात मीठ दोनदा.

आता पानं एकमेकांना चिकटलेली.
सोडवली तर ठिपके बसलेले.
'क'चा खालचा ठिपका गेला की
उरतो तो 'अ'.
कमळ होतं तिथे
अमळ लागलं बोटाला.
अमळ थांबा.
काकाही आठ महिने हेच सांगतायत.

बघायला आले. चार पानं उलटली.
"हे तर कोरे कागद आहेत हो!
उन्हात टाका, होतील सरळ."

वकील तांबोळीबाईंनी करार मोठ्याने वाचला.
किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची,
भिंती, छत, नळवाहिन्या मालकाच्या.
तक्रारी कशा केल्या? आवाजी निरोप पाठवून.
तारखा आहेत? सगळ्या आहेत.
भाडं थकवलं? नाही. दर पाच तारखेला, पावतीसह.
मग त्यांनी पेन टेकवलं:
"नुकसान किती लिहू?"

कपाट, साडेचार हजार.
गादी, अकराशे.
वह्या
...
कागदाचा भाव रद्दीवाला सांगेल.
चहा गार व्हायचा त्यांचा, रोज,
त्याची पावती नाही.

"आकडा लागतो, हेमांगी," बाई म्हणाल्या. हळूच.
मी सांगितला एक.
कमी होता. तरी ठाम होता.

नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने गेली.
सोबत एक प्रत मी स्वतः टोचली,
बाबांच्याच पाटीवर,
उजवीकडून डावीकडे.
काकांना ती कोरी वाटेल.
शेवटची ओळ एवढीच आहे:
कोरड्या जागी ठेवावी.