चार जाड तारा

मी वीज खात्यात, फोंड्याला, तक्रारींच्या खिडकीमागे.
शनिवारी मात्र झेफरीनच्या व्हॅनमध्ये, सगळ्यात मागे,
ॲम्प्लिफायर गुडघ्यांत धरून:
कधी राय, कधी शिरदोण, कधी कुडतरी,
लग्नं, फेस्तं, एकदा तर दंतवैद्यांचं संमेलन.

लोक विचारतात, गिटार का?
हो म्हणतो.
मग तारा चारच कशा?
बाकीच्या दोन परवडल्या नाहीत, म्हणतो.

फोटोत मी नसतो. असलोच तर एक कोपर,
किंवा मुरिएलच्या पिसांच्या टोपीमागे अर्धा चष्मा.
साउंडवाला दर ठिकाणी निराळा,
पण प्रत्येकाला आधी माझंच बटण खाली करायचं असतं.
त्याबद्दल तक्रार नाही.
म्हणजे, आहे.
पण ती व्हॅनमध्ये करायची असते.

घरी चुकलं तर थांबता येतं,
तार पुसता येते, चहा पिता येतो.
तिथे चूक पुढे निघून जाते, पाहुण्यांत मिसळते,
आणि आपण तिच्यामागे धावायचं नाही;
एखाद्या पानावर मीठ वाढायचं राहिलं
तरी वाढपी जसा पुढच्या पानाशी वाकतो,
तसं वाकायचं.

आवडतं काय, विचाराल तर
मामा तारवटी होता. एका सुट्टीत त्यानं आणल्या
जमैकाच्या तीन कॅसेटी, कव्हरं नसलेल्या,
आणि त्यातला बेस असा
की आईनं लोणच्याच्या बरण्या फळीवरून खाली उतरवल्या.
गाणारा कोण, अजून माहीत नाही.
दोन स्वर, मग मोकळी जागा, मग एकच स्वर.
त्या मोकळ्या जागेत माझं दहावीचं वर्ष गेलं.

मांडो आवडतो,
ज्यात दुःखालाही बूट पुसून यावं लागतं.
दुलपद आलं की बोटं पळू बघतात. पळू देत नाही.
आणि चवथीला बाबांचं शामेळ:
घुमटं उधळोत, आरती कितीही चढो,
दोन काठ्या आपल्या जागी.
संगीतावर बाबा एकदाच बोलले,
तेही नारळ सोलताना:
वाजवणारा घाईत असला की देव अर्धवट जेवून उठतो.

कुडतरीला, मे महिन्यात, पहिल्याच वॉल्ट्झला
वीज गेली.
मुरिएलचा आवाज एकदम माणसाएवढा झाला.
कीबोर्ड मेला. झेफरीनचा ट्रंपेट उरला, बेनितोचे ड्रम उरले,
आणि सगळा बँड माझ्याकडे बघू लागला,
जणू फ्यूज मीच खिशात घालून आलो होतो.

मी वाजवत राहिलो.
ऐकू काहीच येत नव्हतं.
तार बोटाला कळत होती, लाकूड पोटाला.
नवरा-नवरी मोबाइलच्या उजेडात गिरक्या घेत होती
आणि तिनातली पहिली मात्रा कुठे पडते
हे मला आणि बेनितोच्या उजव्या पायाला ठाऊक होतं.
सात मिनिटं.

बेनितो आता सांगत फिरतो, वीज आली
तेव्हा मी अचूक जागेवर होतो.
नव्हतो.
अर्ध्या मात्रेनं मागे होतो. सरकलो, बसलो.

रात्री प्लेट घेऊन उभा असताना
नवरीची आत्या आली, पिएदादे, गुडघ्याला पट्टा.
म्हणाली, "तुजें बंद पडलें न्ही,
तेन्ना म्हज्या पांयांक कळ्ळें."
मला उत्तर सुचेना.
"कितें म्हण्टात ताका?"
बेस, म्हणालो.
"हां," म्हणाली,
आणि सोरपोतेल उरलंय का बघायला गेली.

सोमवारी खिडकीवर बोरीचे एक गृहस्थ:
शनिवारी आमच्याकडेही गेली होती, तब्बल तासभर, का?
मी अर्ज घेतला.
शिक्का शाईत,
शिक्का कागदावर,
हात वर.