मागं धरलेला पेपर

नळगीरची महानंदा बिरादार
साडेआठलाच दारात उभी.
हातात कोल्ड्रिंकची जुनी बाटली, बाटलीत चीक,
हळदीच्या हातानं ढवळल्यासारखा पिवळा.
कालवड टेम्पोत आहे, म्हणाली,
उठंनाच की म्याडम.

कधी व्याली?
परवा, दिवेलागणीला.
मी बोटांवर तास मोजते. सदतीस, अडतीस.
हे माझं पहिलं मोजमाप,
याला लाइट लागत नाही.

माणसाचं त्यातल्या त्यात बरं,
आईच्या वारेतून थोडंफार उतरतं पोटातल्या पोटात.
गाईची वार जाड. काही झिरपू देत नाही.
वासरू जन्मतं ते कुठल्याच रोगाची ओळख नसलेलं,
आणि सगळी शिदोरी चिकात.
ती आत घ्यायला आतड्याचं दार
एक दिवस उघडं असतं.
मग आतून कडी.

थेंबभर चीक काचेवर, वर झाकण.
खिडकीकडे तोंड करून नळीला डोळा लावते :
वर निळं, खाली पांढरं,
मधली रेघ सव्वीसवर.
बावीसच्या पुढं म्हणजे उत्तम.
गाय चांगली आहे तुमची, मी बोलून जाते.
देवणी हाय, घरचीच पैदास, ती खुलते
आणि मला बोलल्याचं वाईट वाटतं.
गाईत असणं वेगळं.

कालवडीच्या मानेतून पाच मिली रक्त.
गुठळी आक्रसते, कडेनं सीरम सुटतं,
करडईच्या तेलाच्या रंगाचं.
ते झिंक सल्फेटच्या पाण्यात सोडायचं आणि तासभर
खोलीच्या तापमानाला ठेवायचं, असं पुस्तकात आहे.
कुठल्या खोलीच्या, ते नाही.
उदगीरला वैशाखात ही खोली एक्केचाळीस.
मी नळी माठाला टेकवून ठेवते, ओल्या फडक्यावर.

आमच्यात पाणी दुहेरी फडक्यानं गाळतात,
तुरटी फिरवतात,
रांजणाचा तळ दिसला की बाई झाकण ठेवते.
या नळीचं उलटं.
इथं गढूळ व्हावं म्हणून बसायचं,
ताकाच्या निवळीसारखं, धुक्यासारखं,
काहीतरी तरंगावं.

तासानं उस्मानभाई नळीमागं कालचा पेपर धरतात.
मागचं वाचता आलं नाही
तर वासरू वाचलं.
आज बाजारभावाचं पान आहे.
तूर, पांढरी. तूर, लाल. हरभरा.
खालची आवक क्विंटलमध्ये, तीसुद्धा
चष्म्याशिवाय.

किती पाजला होता?
दीड वाटी आसंल.
बाकीच्याचा खरवस. पैल्या येताचा, गल्लीत वाटावा लागतोय.
ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते.
मी काही बोलत नाही.
मागच्या महिन्यात शेजारणीकडून आलेली वडी
मीही खाल्ली, वेलदोडा घातलेली,
आणि ते वासरू किती तासांचं आहे हे विचारलं नाही.

दवाखान्याच्या गोठ्यात एक म्हातारी लाल कंधारी आहे,
आठ वेतं झालेली, सगळे रोग पाहिलेली.
तिचं रक्त काढतात डॉक्टर नरवाडे,
त्यातला पिवळा भाग
कालवडीच्या शिरेत थेंब थेंब.
दार बंद असेल तर खिडकीतून.

मी इकडे अगारच्या थाळीत भोकं पाडते,
एकेका भोकात सकाळच्या सीरमचा थेंब.
उद्या कडं उमटेल. त्याचा व्यास मोजून
वहीत लिहीन : इतके मिलीमीटर, इतके ग्रॅम.
नेमका आकडा.
पण तो आज सकाळच्या कालवडीचा असेल,
आणि उद्या ती कालवड नसेल,
म्हणजे दुसरी कुणीतरी असेल,
किंवा

चारला पुन्हा रक्त, पुन्हा नळी, पुन्हा माठ.
पाचला उस्मानभाई पेपर धरतात.
महानंदा चप्पल बाहेर काढून आत आली आहे,
आमच्या मागं उभी, पेपराकडं बघत.
तिला वाचता येत नाही. तीच विचारते :
वाचायलंय का?

उस्मानभाई मान तिरपी करतात.
मथळा दिसतोय, म्हणतात.
बारीक अक्षर नाही.