सहा, दहा, चौदा

उद्या डॉक्टर इल्हाम विचारणार,
म्हणून रात्री अकराला वसतिगृहाच्या जेवणघरात
आम्ही तक्ता आखतोय, चार देशांचा.
शमसाच्या हातात पट्टी. तिला वाकडी रेघ खपत नाही.
एसीचं पाणी बादलीत पडतंय,
दोन थेंब झाले की मला वाटतं, बास,
पोलिओचा डोस पुरा झाला.

भारत : सहा आठवडे, दहा, चौदा.
ओमान : दोन महिने, चार, सहा.
"तुमच्याकडे एवढी घाई कसली?" शमसा विचारते,
जसं पाहुण्याला विचारावं, चहा न घेताच निघालात?

मी सांगते, पुस्तकात आहे तेवढंच.
डांग्या खोकला पंचांग बघून येत नाही.
गोवर जिथे लवकर दार ठोठावतो
तिथे नऊ महिने भरले की सुई उचलावी लागते.
आईकडून आलेलं रक्तातलं उसनं
तेव्हा पुरतं फिटलेलं नसतं,
ते लसीलाही थोडं आडवं येतं,
तरी टोचायचं.
जिथे गोवर क्वचित, तिथे वर्षापर्यंत थांबता येतं,
थांबलं तर लस रुजतेही जास्त चांगली.
म्हणजे शमसा, हा तक्ता नुसता लसींचा नाही,
कुणाला किती थांबणं परवडतं, त्याचा आहे.

"हे पेपरात लिहू नकोस," ती म्हणते, "मार्क नाहीत याला."

तिसरा रकाना फिलिपिन्सचा, हारिसने भरला,
खाडाखोड करून.
चौथा सुदानचा.
छापील वेळापत्रक मिळालं,
ते केंद्र आज उघडं आहे का, एवढंच मिळालं नाही.

सकाळी आरोग्यकेंद्रात डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला.
तीन रकान्यांत लाल पेन चाललं.
चौथ्यावर थांबलं, टोपण लागलं,
आणि त्या म्हणाल्या, पुढचा पेशंट.

पुढची खतिजा मुकादम, बाणकोटची.
नवरा सोहारच्या बंदरात क्रेनवर.
कडेवर पाच महिन्यांचा रय्यान,
पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड,
घडीवर फाटलेलं, एक कोपरा बाळाने चघळून मऊ केलेला.
सहा आठवडे : सिस्टरची सही.
दहा आठवडे : तीच सही, घाईतली.
चौदा : कोरं.
चौदाव्या आठवड्यात व्हिसा आला होता.

तिने डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
माझं नाव बिल्ल्यावर वाचलं असणार.
"आता परत पयल्यापासून टोचनार काय गो त्याला?
तिथलं हितं धरत नाय म्हनं कोन."

मला उत्तर येत होतं. रात्रीच तर पाठ केलं होतं.
पण तिच्या आवाजात ते प्रश्नपत्रिकेतलं राहिलं नव्हतं.
तिथलं इथे धरत नाही,
हे तिला कुठल्या कुठल्या खिडकीवर ऐकावं लागलं असेल :
बारावीचं सर्टिफिकेट, शिवणकामाचा डिप्लोमा,
कदाचित नावाचं स्पेलिंगसुद्धा.

डॉक्टरांनी हारिसला विचारलं, दोन डोसांत कमीत कमी अंतर?
चार आठवडे.
आणि जास्तीत जास्त?
हारिस गप्प. शमसा गप्प.
"जास्तीत जास्त नसतं," त्या म्हणाल्या.
"कितीही मोठी खोट पडू दे,
दिलेला डोस वाया धरायचा नाही.
शरीर विसरत नाही." मग अरबीत, स्वतःशीच बोलल्यासारखं,
"नुकम्मिल." पुढे चालू ठेवू.

मी खतिजाला मराठीत सांगितलं :
सुटलं तिथून पुढे. पहिल्यापासून नाही.
ती "हां" म्हणाली,
आणि कार्ड पुन्हा प्लास्टिकमध्ये घालताना
दोनदा चुकली.

मांडीत सुई गेली. रय्यान आधी चकित झाला,
मग सगळ्या केंद्राला कळेल असा रडला.
नर्सने नवं कार्ड भरलं, अरबी आकड्यांत,
जुन्याच्या दोन्ही सह्या त्यात उतरवून.
पुढची तारीख ऐकून खतिजाने बोटं मोजली :
"रमजानात येतंय गो. चालंल?"
चालेल, त्याचा कुठे रोजा आहे?
ती हसली, पहिल्यांदाच.

तोवर हुंदके देत देतच
रय्यानने नवं कार्ड तोंडाशी नेलं होतं,
कोऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात.