नऊ मिनिटं

सव्वादोनशे फुटांवर अर्धा इंच लागलं.
गाडी तिरुचेनगोडची, पोरं तमिळ बोलत होती,
पण अंगठा आणि तर्जनीमधलं एवढंसं अंतर
कुठल्याही भाषेत एवढंसंच दिसतं.
पाणाड्याचा नारळ आम्ही तोवर खाऊन टाकला होता.

म्हसरूळच्या पुढे, चामरलेण्याच्या डोंगराकडे तोंड करून आमची गल्ली.
महापालिकेची लाईन येणार आहे, येणारच आहे.
तोवर बोअर.
बटण दाबलं की नऊ मिनिटं पाणी,
दहाव्या मिनिटाला नळ खोकतो,
लालसर थुंकतो,
आणि खाली मोटर कोरडीच गुरगुरते.

"अजून शंभर फूट मारा," बच्छाव वहिनी गच्चीवरून म्हणाल्या.
इद्रिस मिस्त्रीने केसिंगला कान लावला,
बराच वेळ लावून ठेवला.
"खाली काळा पाषाण आहे, बाई.
त्यात पैसे मुरतात, पाणी नाही.
हा आटलेला नाही. हळू आहे.
थोडं उपसा, थांबा, परत उपसा.
आणि पूर्ण भरायची वाट नका बघू,
पाणी वर चढलं की आतली धार सुस्तावते."

मी शाळेच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढली आहेत,
ऐकीव गोष्ट मला पचत नाही.
नायलॉनच्या दोरीला लोखंडी नट बांधला,
दर दहा फुटांवर लाल धाग्याची गाठ.
नट पाण्याला टेकतो तेव्हा आवाज येत नाही,
बोटांना कळतं, वजन जरासं कमी होतं.
उपसल्यावर एकशे ऐंशी. तासाने दीडशे.
तासाला तीस फूट, फुटाला साडेसहा लिटर,
म्हणजे एक निळा पिंप.
वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.

चैत्रात अश्लेषा बाळंतपणाला आली.
मुलगी झाली, दोन किलो चारशे.
डिंक झाला, अळीव झाले, शतावरी झाली,
आणि दूध आपलं
खोकणाऱ्या नळासारखं.
"डब्याचं आणा सरळ," बच्छाव वहिनी.
त्यांना सगळ्यावर टँकरच सुचतो.

दवाखान्यातली सिस्टर म्हणाली,
"थोडं थोडं, पण सारखं पाजा.
साठायची वाट बघू नका,
साठलं की नवं येणं मंदावतं."
मी फिस्सकन हसले.
सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, अश्लेषानेही पाहिलं,
आणि तिने रिक्षात घरापर्यंत तोंड उघडलं नाही.

मग वहीला दोन रकाने पडले.
दोन दहा: मोटर, नऊ मिनिटं.
दोन तीस: डावीकडून, सात मिनिटं, झोपली.
तीन दहा: मोटर.
इद्रिस टायमर बसवून देतो म्हणत होता,
मी म्हटलं, जागीच असते की.

शनिवारी टँकर बोलावला.
डबाही आणला, खोटं कशाला सांगू,
अळिवाच्या बरणीमागे ठेवला,
जणू तिला दिसणारच नव्हता.
दिसला. रात्री उशीत तोंड खुपसून म्हणाली,
"आडातच नाही, आई. पोहऱ्यात कुठून?"

मला सांत्वन येत नाही. मला मोजता येतं.
तिला ओढणी गुंडाळून अंगणात नेलं,
केसिंगचं झाकण काढलं,
दोरी तिच्या हातात दिली.
सोडत गेली, सोडत गेली,
लाल गाठी एकेक करून अंधारात उतरल्या.
डोंगराच्या बाजूला कुत्री भुंकत होती.
"आई, काहीच कळत नाहीये."
"हळू सोड."

मग तिची बोटं थांबली.
"लागलं," ती म्हणाली.
"किती?"
ती दोरी वर ओढत गाठी मोजू लागली,
सात, आठ, नऊ,
आणि आतून पोरीने टाहो फोडला.
दोरी तशीच माझ्या पायाशी टाकून ती पळाली,
पुढचा गाऊन दोन ठिकाणी ओला.

राहिलेल्या गाठी मी मोजल्या.
नट गार होता. एकशे अठ्ठेचाळीस.
दुसरा रकाना मात्र त्या रात्री
कोरा ठेवला.