माइमूचा नेम

सारेमा बेटाच्या उत्तर काठाला
समुद्र फारसं बोलत नाही.
ढोपरभर पाणी, मग कंबरभर, मग एकदम काळं,
आणि त्याच्याही पुढे, काठापासून दोनशे हातांवर
बसलेल्या गाईएवढा एक धोंडा,
बर्फाने कधीकाळी आणून विसरलेला.

माइमूने तो एकसष्ट वर्षं पाहिला.
त्यातली चौतीस फेरीबोटीची तिकिटं फाडण्यात गेली,
लोकांना पलीकडे धाडण्यात;
स्वतः कमरेच्या वर कधी भिजली नाही.
निवृत्तीला घड्याळ मिळालं, केक मिळाला.
घरी येताना धोंड्याकडे बोट करून
ती शेजारच्या लेइडाला म्हणाली,
"मी तिथवर पोहत जाणार."
लेइडा म्हणाली, "जा की.
पण केकची सुरी माझी आहे, ती आधी परत दे."

आपल्याकडे एकच शब्द दोन कामं करतो:
नेम धरायचा, आणि नेम पाळायचा.
धरायला एक संध्याकाळ पुरते.

नावघराच्या दारावर, आतल्या बाजूने,
सुताराच्या जाड पेन्सिलीने ती लिहू लागली.
गेली त्या दिवशी हातांचा आकडा:
चार. चार. सात. पाणी गिळलं. नऊ.
नाही गेली त्या दिवशी कारण.
असा तिचा स्वतःशीच ठरलेला करार, साक्षीदार कोणी नाही.

हुरूप पाहुण्यासारखा आला,
जूनमधल्या शेकोट्यांच्या रात्रीपर्यंत राहिला,
मग पाहुण्यासारखाच गेला,
टॉवेल तेवढा दोरीवर ठेवून.

मग दारावर कारणं वाढली.
बटाटे काढायचे होते.
गुडघा.
राइगोचा फोन, तासभर, बायकोबद्दल.
वारा.
वारा नव्हता, पण येईल असं वाटलं.
काही नाही.
गुडघा, दुसरा.
काही नाही.

जानेवारीत खाडी गोठली.
जाळी आणायला गेलेली माइमू
कंदील धरून दारापाशी उभी राहिली
आणि तिने सगळा उन्हाळा वाचून काढला.
वाऱ्यावर सहा दिवस. गुडघ्यांवर नऊ.
"काही नाही" सव्वीस वेळा.
तिला राग आला नाही. हसूच आलं जरा.
सव्वीस दिवस ती घरी थांबली होती
आणि घरी थांबवणारं कोणीही नव्हतं.
म्हणजे, ती कंदिलाला म्हणाली,
जायलाही कोणी लागत नाही.

पुढच्या मे महिन्यात पाणी सुरीसारखं होतं.
तिने पहिल्याच दिवशी लिहिलं:
गेले. का? काही नाही.
अकरा हात.
मग सोळा. मग आठच, कारण रडू आलं,
का ते लिहिलेलं नाही.
मग चाळीस. मग आजारपण. मग बत्तीस.

ऑगस्टच्या एका बुधवारी,
आभाळ धुतलेल्या भांड्यासारखं राखाडी,
तिचा हात शेवाळाला लागला.
धोंड्यावर एक पाणकावळा बसला होता,
पंख वाळत घालून; तो हललासुद्धा नाही.
वर चढून ती जरा वेळ टेकली.
तिथे काही नव्हतं. विष्ठा होती, ऊन नव्हतं.
काठावर तिचं घर दिसलं,
इतकं लहान की त्यातली सगळी कारणं
एका खिशात मावली असती.
मग चुलीवर मटार शिजत ठेवलेत हे आठवलं
आणि ती परत निघाली.

मटार करपले होते.

ती परसात भांडं घासत होती तोवर
भाचा राइगो शहरातून आला,
मावशीला खूश करावं म्हणून
नावघराचं दार आतून-बाहेरून रंगवून गेला,
छान निळं, दोन हात.
दोन उन्हाळे त्याखाली गेले,
पाणी गिळलं, दुसरा गुडघा, सव्वीस "काही नाही".
आणि आजचं लिहायचंच राहिलं होतं.

माइमू ओल्या रंगासमोर बराच वेळ उभी.
लेइडा कुंपणावरून म्हणाली, "अगं, आता?"

"वाळू दे," ती म्हणाली,
आणि पेन्सिलीला टोक काढायला
सुरी मागितली.