उलटा नळ

रुवीत, चौथ्या मजल्यावर, जून ते सप्टेंबर
आमच्या न्हाणीघरात भौतिकशास्त्र उलटं चालतं.
निळ्या खुणेच्या नळाला कढत पाणी,
लाल खुणेच्या नळाला गार.
गच्चीवरची टाकी उन्हात शिजते
आणि बंद ठेवलेला गिझर सावलीत बसून
माठाची नोकरी करतो.

हे मी पाहुण्यांना आधी सांगतो.
ते हसतात. विनोदी कादंबऱ्या लिहितो ना मी,
त्यांना वाटतं, रचून सांगतोय.
मग आतून किंकाळी येते.
इतका तत्पर अभिप्राय
माझ्या तीन पुस्तकांना मिळून आलेला नाही.

समोरचे निमकर चौऱ्याण्णव साली आले, दोन वर्षांसाठी.
सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही,
"कशाला? जायचंच तर आहे."
मध्यंतरी प्लॅस्टिक फाटलं.
त्यांनी नवीन आणलं.
तेही फाटलं.
सोफा मात्र आतमध्ये कोराच आहे,
कोणी न बसलेला,
निमकरांच्या परतीच्या बेतासारखा.

सुट्टीच्या आदल्या रात्री आमच्याकडे
काट्याला बॅग लटकते आणि नाती तोलली जातात.
आत्याबाईंचे खजूर पाव किलोनं उतरतात,
मोठ्या जावेचे बदाम वाढतात (फ्लॅटचा कागद तिच्याकडे आहे).
तरी आठशे ग्रॅम जास्तच.
वसुधा बॅगेत हात घालते
आणि नेमकी माझी चौथी कादंबरी बाहेर काढते.
हस्तलिखित, एकमेव प्रत.
"हे पुढच्या खेपेला."
काटा हिरव्यावर येतो.
संपादन म्हणतात ते हेच असावं.

सांगलीला भावाकडे उतरलो.
प्रवासाचा शीण, डोळे मिटलेले,
सवयीनं लाल नळ पूर्ण सोडला.

आता किंकाळी माझी.
दाराबाहेरून वहिनी, "भावोजी, निळा! निळा सोडा!"
आणि तिच्यामागे अख्खं घर हसतंय,
भाऊ, पुतण्या, दूध घालायला आलेला माणूससुद्धा.
मी खांदा चोळत उभा.
तेवीस वर्षं लोकांना जो नळ समजावला
तो इथे कोणी मला समजावला नव्हता,
गरजच काय, घरचा माणूस.

कादंबरीचं पहिलं वाक्य मला तेव्हा सुचलं, फार चांगलं होतं.
पण हात ओले, कागद मस्कतला,
आणि बाहेर चहा गार होत होता.